वरीलप्रमाणे

अकोल्याला आमचं घर दालमिलच्या मागच्या वस्तीत होतं. बाबा मिलमध्ये पोती वाहत, माय तिथंच डाळ निवडायला जाई. तुरीचा भुसा कपड्यांत असे, पांघरुणात असे, पोळ्यांच्या डब्यातसुद्धा असे. त्याची आम्हाला सवय होती. ताईच्या दुखण्याची मात्र कधी झाली नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. थंडी पडली की तिचे गुडघे, कंबर, कधी बोटांची पेरं दुखायला लागत. ती रडत नसे. मायचा पदर तोंडात कोंबून भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि तिच्या नाकातून एक बारीक आवाज येत राही. माय चुलीत विटा तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवी. बाबा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून दवाखान्यात नेत; ती मोठी झाल्यावर पाठीवर घेऊन नेऊ लागले. दिवसभर पोती वाहिलेली पाठ होती ती. वस्तीत कोणी म्हणे वारं आहे, कोणी म्हणे पोरगी कामचोर आहे.

मग एकदा शाळेत रक्त तपासायला लोक आले आणि या दुखण्याला नाव मिळालं. सिकलसेल. ताईला लाल कार्ड दिलं, मला पिवळं. लाल म्हणजे आजारी. पिवळं म्हणजे आजार रक्तात आहे, पण त्रास नाही. तपासणाऱ्या माणसापुढं एक लांब रजिस्टर होतं. ताईची ओळ त्यानं पूर्ण लिहिली. नाव, वडिलांचं नाव, वस्ती, सगळं. माझ्या ओळीत फक्त माझं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यांत दोन आडव्या रेघा, मध्ये दोन टिंबं, अशी खूण मारत गेला.

"माह्या बापाचं नाव काहून नाही लिवलं?" मी विचारलं.

तो हसला. "वर लिवलं हाये ना पोरी. तेच तुहं. वरीलप्रमाणे."

मला राग आला होता. एवढं मोठं रजिस्टर, आणि माझ्यापुरती शाई पुरली नाही.

त्यानंतर ताईला दर महिन्याला गोळ्या मिळू लागल्या. गोळ्या चालू असल्या की ती बरी असे. पण काही महिन्यांत माय केंद्रावरून रिकाम्या हातानं परत येई. "यादीत नाव नाही म्हणते. पुढच्या महिन्यात बलावलं." मायनं कधी विचारलं नाही की कोणती यादी, कोण करतं, नाव कसं गेलं. विचारायचं असतं हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. मिलमधला अर्धा दिवस बुडवून ती गेलेली असे. परत येऊन पदर खोचून पुन्हा डाळ निवडायला बसे.

चौदाव्या वर्षी ताईचा खुबा गेला. हाडाला रक्त पोचलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ती एका बाजूला झुकून चालते. नववीनंतर तिची शाळा सुटली. गणितात ती माझ्याहून हुशार होती. मोठेपणा दाखवायला म्हणत नाही, तिची मार्कांची कागदं माझ्याजवळ आहेत.

मी अमरावतीला सरकारी वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाले. मायकडून आणि बाबांकडून, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते. लोकांना ते जास्त वाटतं. वाटू द्या.

पदवीनंतर दीड वर्ष अर्ज करण्यात गेलं. मग अमरावतीतच एका सरकारी आरोग्य कार्यालयात कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून लागले. काम कळलं तेव्हा मी खुर्चीतच थोडी मागं सरकले. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांतून सिकलसेलच्या रुग्णांच्या याद्या एक्सेलच्या फायलींत येत. त्या सगळ्या एका फायलीत आणायच्या, दुबार नावं काढायची, गावनिहाय लावायच्या, छापायच्या. छापील यादीवरून गोळ्यांची पाकिटं भरली जात आणि गाड्या निघत. ज्या यादीत ताईचं नाव नसायचं, तसली यादी आता माझ्या हातात होती.

काम चार दिवसांचं. एक फाइल उघडायची, ओळी उचलायच्या, दुसरीत टाकायच्या, गाव बघून जागेवर न्यायच्या. शेकडो ओळी. मान आखडायची. पण डोंगरातल्या धारणीकडची गाडी ठरल्या दिवशी निघे आणि यादी त्या दिवशी तयार नसली की त्या भागाच्या गोळ्या पुढच्या फेरीवर जात. पुढची फेरी म्हणजे पंधरा दिवस. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी घरी ताईला सांगितलं नाही.

शनिवारी मी अमरावतीहून एसटीनं अकोल्याला जात असे. मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडी थांबली होती, तेव्हा फोनवर एक हिंदी व्हिडिओ पाहिला. एक माणूस सांगत होता की एक्सेलमध्ये डेव्हलपर नावाची एक टॅब असते, पण ती लपवलेली असते. ती उघडली की मशीनला एखादं काम एकदा करून दाखवायचं, ते ध्यानात ठेवतं, आणि मग एका बटणावर तेच काम पुन्हा करतं. त्याला मॅक्रो म्हणतात. मी तो व्हिडिओ घर येईपर्यंत चार वेळा पाहिला. ज्या मशीनपुढं मी सहा महिने मान मोडत होते, त्याच्या पोटात हे पहिल्या दिवसापासून होतं. फक्त दिसत नव्हतं, आणि आहे म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. अशा किती गोष्टी आमच्यापासून नुसत्या न सांगितल्यामुळं लांब राहिल्या असतील, असं मनात आलं आणि राग आला. माझ्या बऱ्याचशा कामांची सुरुवात रागातून झालेली आहे.

सोमवारी ऑफिसात बसल्याबरोबर मी फाइल उघडली, ऑप्शन्समध्ये गेले, कस्टमाइज रिबन दाबलं. उजवीकडं मोठी यादी आली. सगळ्या नावांपुढं टिक होती, फक्त डेव्हलपरपुढचा चौकोन रिकामा. टिक केली, ओके दाबलं. वर पट्टीत एक नवं नाव आलं.

आमचे मोठे बाबू मागून पाहत होते. कार्यालयातले सर्वांत जुने कारकून ते. दसऱ्याला ते सीपीयूला झेंडूचा हार घालत आणि पाकळ्या पंख्यात अडकून मशीन तापे.

"हे काय नवीन काढलं मॅडम?"

"मॅक्रो आहे बाबूजी. काम लवकर होते."

"अन् ते पिवळी पट्टी येते वर, तेच ना हे? आधीचा ऑपरेटर सांगून गेला हाये, त्या पट्टीले हात लावला का व्हायरस येते. समदा डाटा खाऊन टाकते."

"तुमचा हार पंखा खाऊन राहिला, ते चालते तुमाले?"

ते हसले नाहीत. "साहेबाले इचारलं?"

विचारलं नव्हतं. मी म्हटलं, झाल्यावर दाखवते.

पहिल्या वेळी दिवसभर बसून केलं आणि सेव्ह करताना इंग्रजीत एक निरोप आला. मी वाचला नाही, येस दाबलं. दुसऱ्या दिवशी मॅक्रो गायब. निरोपात तेच लिहिलं होतं, की साध्या फायलीत मॅक्रो राहत नाही, तसंच सेव्ह करू का? इंग्रजीतला निरोप आला की येस दाबायचं, अशी माझी सवय. शरमले, मॅक्रोवाल्या फायलीत सेव्ह करायला शिकले, पुन्हा केलं. सगळ्या फायली एकत्र कर, रिकाम्या ओळी काढ, दुबार नावं काढ, मग गावांच्या नावांची माझी यादी घे आणि एकेका गावाच्या ओळी वेचून त्या गावाचा कागद तयार कर. तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात मी बटण दाबलं आणि चहा येईपर्यंत चार दिवसांचं काम झालेलं होतं.

साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. धारणीची गाडी त्या महिन्यात एक दिवस आधी निघाली. मॅक्रोची फाइल उघडली की वर एक पिवळी पट्टी येऊन परवानगी मागे; तिच्याकडं पाहून मोठे बाबू म्हणाले, "खाल्लं नाही बाप्पा अजून काही." मी घरी मिठाई नेली. मायनं ती वस्तीत वाटली आणि प्रत्येकाला सांगितलं, पोरीनं मशीनले काम शिकोलं.

तिसऱ्या महिन्यात एक माणूस आला. धारणीच्याही पलीकडल्या गावचा, आदल्या दिवशी जीपनं निघालेला. त्याची धाकटी मुलगी इथंच दवाखान्यात भरती होती. तो दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना. हातात लाल कार्डं होती. दोन.

"बडीची गोली येते," तो म्हणाला. "छोटीची नाही येत. तीन महिना झाला. मंग एकच गोली दोघींले दिली, अर्धी अर्धी."

साहेबांनी मला यादी काढायला लावली. गावाच्या कागदावर थोरलीचं नाव होतं. धाकटीचं नव्हतं. साहेब चिडले. "केंद्रावरच्या सिस्टरनं नावच पाठवलेलं दिसत नाही. तिला नोटीस काढा. खुलासा मागा."

नोटीस मलाच टाइप करायची होती. कोणत्या तारखेच्या यादीत नाव नाही ते लिहावं लागतं, म्हणून मी केंद्रावरून आलेली मूळ फाइल उघडली. आणि नाव होतं. थोरलीच्या खाली, वयासकट, लाल कार्डाच्या नोंदीसकट. पुढं वडिलांच्या नावाच्या रकान्यात रेघ, टिंबं, रेघ. गावाच्या रकान्यात रेघ, टिंबं, रेघ.

तिकडं रजिस्टर घरावार लिहितात. घरातलं पहिलं मूल पूर्ण लिहितात, पुढच्यांना वरीलप्रमाणे. फायलीतही सिस्टर तशीच खूण टाइप करून पाठवायची, पहिल्यापासून. मी हातानं काम करत होते तेव्हा ती खूण दिसली की माझे डोळे आपोआप वर जात आणि बोटं गावाचं नाव भरून टाकत. आपण हे करतो हेही मला माहीत नव्हतं. म्हणून मशीनला मी ते सांगितलंच नाही. मशीननं गावाचं नाव शोधलं, त्या ओळीत गाव नव्हतं, म्हणून ती ओळ कोणत्याच गावाच्या कागदावर गेली नाही. कुठलीही चूक दाखवली नाही. त्याच्या लेखी चूक नव्हतीच.

मी सगळ्या मूळ फायली उघडल्या आणि तशा ओळी मोजल्या. त्रेचाळीस होत्या. हा आजार घरात येतो, एकट्याला येत नाही. त्रेचाळीस दुसरी-तिसरी मुलं, तीन महिने. इतक्यांतून एकच बाप विचारायला आला. बाकीच्यांना कोणीतरी सांगितलं असणार, यादीत नाव नाही, पुढच्या महिन्यात या. आणि ते परत गेले असणार.

नोटीस अर्धी टाइप झालेली स्क्रीनवर होती. ती पूर्ण करून साहेबांच्या टेबलावर ठेवली असती तर सिस्टरनं काय खुलासा दिला असता? तिनं नाव पाठवलंय हे कोण पाहणार होतं? माझं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं. हा विचार मी केला. केला नाही असं लिहिणार नाही. मोठ्या बाबूंकडं पाहिलं तर ते म्हणाले, "काय झालं मॅडम, पट्टी चावली काय?" मी उठले आणि साहेबांकडं गेले.

"सर, सिस्टरची चूक नाही. माझी आहे."

सांगितलं सगळं. ते ऐकून घेत होते आणि पेनाचं टोपण उघडत, लावत होते.

"हे मॅक्रो कोणाच्या परवानगीनं सुरू केलं?"

"कोणाच्याच नाही सर."

"बैठकीत मी कौतुक केलं तुमचं."

त्यांनी टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं.

"बंद करा ते. आत्ता. आणि त्रेचाळीस नावं मला अर्ध्या तासात कागदावर द्या."

मी मॅक्रो काढून टाकलं आणि डेव्हलपरपुढची टिकही काढली. पट्टीतलं नाव गेलं. मग हातानं एकेक ओळ भरली. बाप, गाव, बाप, गाव. त्या दिवशी जादा गाडी निघाली. त्यासाठी साहेबांनी फोनवर कोणाकोणाशी भांडण केलं ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलं.

मी दवाखान्यात गेले. तो माणूस वऱ्हांड्यात बसून होता. मी त्याला म्हटलं, दादा, नाव मी सोडलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग मान हलवली, जणू बस चुकली असं कोणीतरी सांगितलंय. आत मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाकातून बारीक आवाज येत होता. मी तिथं थांबू शकले नाही.

ती पंधरा दिवसांनी घरी गेली. पण जादा गाडीतलं एक पाकीट परत आलं. न उघडलेलं. वर केंद्रावरच्या कोणीतरी निळ्या शाईत लिहिलं होतं, मयत. सात वर्षांचं मूल, घरातलं तिसरं. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, गोळ्या मिळाल्या असत्या तर? ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले.

त्या शनिवारी अकोल्याला गेले. ताई ओट्यावर बसून गहू निवडत होती. सुपातून नजर वर न करता तिनं सगळं ऐकलं.

"एक मेलं म्हंतेस?"

"हो."

"अन् बाकीचे?"

"गेल्या त्याईच्या गोळ्या."

तिनं सुपातले खडे वेचून ओट्याखाली टाकले. मग म्हणाली, "तुह्या नावापुढं तं त्या रक्त तपासनाऱ्यानं तेच मारलं होतं व. रेघ अन् टिंब. दोन दिवस जेवली नोयती तू, माह्या बापाचं नाव नाही लिवलं म्हनून. अन् तुलेच नाही दिसलं?"

"नाही दिसलं."

"शिकली ना तू लय." एवढं म्हणून तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता रडेल, किंवा मला हाकलेल. ती म्हणाली, "कागद आन. मले दाखव ते मशीन कसं करते."

मी वहीच्या पानावर रकाने आखले आणि मॅक्रो काय काय करतं ते एकेक सांगितलं. ताईनं मध्येच थांबवलं. "आले किती ते मोजते काय ते?"

"नाही."

"अन् गेले किती?"

"ते बी नाही."

"मंग कसं कळन तुले कोनी राह्यलं म्हनून? माय डाळीचं पोतं घेते तं वजन करून घेते, देते तं वजन करून देते. कमी आलं का मुकादम शिव्या देते. तुह्या मशीनले मुकादमच नाही."

बी.एस्सी.ला मला हे कोणी शिकवलं नव्हतं. नववी सुटलेल्या बाईनं गहू निवडता निवडता सांगितलं.

पुढचे दोन महिने मी हातानंच यादी केली, आणि ती वेळेत व्हावी म्हणून सुट्टीच्या दिवशीही बसले. रात्री अमरावतीच्या खोलीवर माझ्या जुन्या लॅपटॉपवर खोटी नावं घालून मॅक्रो नव्यानं लिहिलं. सगळ्यात आधी, रकान्यात ती खूण किंवा रिकामी जागा दिसली की वरच्या ओळीतलं नाव खाली भर. सगळ्यात शेवटी, आलेली नावं मोज, दुबार म्हणून काढलेली मोज, गावांच्या कागदांवर गेलेली मोज. मेळ बसला नाही तर लाल चौकट दाखव आणि छापू नको. दुबार म्हणून काढलेली नावं वेगळ्या कागदावर दे, म्हणजे ती मी स्वतः वाचीन.

साहेबांना दाखवलं तेव्हा त्यांनी मुद्दाम माझ्या फायलीत मधल्या चार ओळींतली गावं खोडली, एकापुढं यादीत नसलेलं भलतंच गाव लिहिलं. मॅक्रोनं खोडलेल्या चारही ओळी भरल्या आणि भलत्या गावाला थांबून लाल चौकट दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग विचारलं, "लाल चौकटीची कल्पना कुठून घेतली?"

"माझी मोठी बहीण, सर. अकोल्याला असते. तिचंही लाल कार्ड आहे."

त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. लेखी परवानगी दिली, सही-शिक्क्यासह. मी डेव्हलपरपुढची टिक दुसऱ्यांदा केली. या वेळी मोठे बाबू खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पिवळी पट्टी आल्यावर म्हणाले, "दाबा मॅडम. मी पायतो." तेव्हापासून दर महिन्याला आलेली नावं ते रजिस्टरवर वेगळी मोजतात. मशीनवर त्यांचा अजून विश्वास नाही आणि मला ते बरंच वाटतं.

सिस्टरला नोटीस गेली नाही. मी तिला फोन करून सांगितलं की ती खूण आता फायलीत टाकू नका. ती म्हणाली, "रजिस्टरात हात तसाच चालते ओ ताई." मी म्हटलं, रजिस्टरात चालू द्या.

माझं कंत्राट वाढलं, पण मी अजून कंत्राटीच आहे. परत आलेलं ते पाकीट महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात होतं. मग औषध परत जमा करावं लागतं म्हणून केलं. या गोष्टीला तीन वर्षं होत आली. दर महिन्याला जेवढी नावं आमच्याकडे येतात, तेवढी गावांच्या कागदांवर जातात, दुसऱ्या-तिसऱ्या मुलांसकट, आणि धारणीची गाडी तिच्या दिवशी निघते.